सासूबाईंनी परत पाठवलेलं गाणं

माझ्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात जेवढी गाणी ऐकली तेवढी गाणाऱ्यांनीही गायली नसतील, आणि यांना स्वतःला एकही येत नाही. थट्टा नाही करत. रेकॉर्ड बनवायच्या कारखान्यात त्या तपासणीला होत्या. कानाला हेडफोन, समोर फिरणारी तबकडी, आणि दिवसभर एकच काम. कुठे खरखर आहे का, कुठे टक वाजतेय का, सुई उडी मारतेय का. दोष सापडला की हात वर करायचा, तबकडी बाजूला. गाजलेल्या गाण्याच्या तबकड्या जास्त निघत, म्हणून ते गाणं त्यांच्या कानांवर महिनोन् महिने आदळत राही.

पहिल्याच दिवशी सुपरवायझरबाईंनी बजावलं होतं, गाणं ऐकलंस तर दोष निसटेल. ते यांनी असं काही मनावर घेतलं की विचारू नका. गाण्यांचा सगळा इतिहास त्यांना पाठ आहे, पण कसा? लाखेच्या तबकड्यांच्या काळातली रडकी विरहगीतं म्हणजे यांच्या लेखी लाखेतले बुडबुडे. मग व्हायोलिनांचे ताफे आले, तेव्हा सूर हळू झाले की खरखर लगेच कळायची. मग गिटार घेतलेली पोरं आली आणि सुई उड्या मारायला लागली. नाचाच्या गाण्यांच्या दशकात ठोका इतका जोरात, की टक त्याच्यामागे लपून बसायची. पुढे कॅसेट आली, तर या फीत अडकते का ते बघत बसल्या. मी एकदा विचारलं, यातलं तुमचं आवडतं कुठलं? तर म्हणाल्या, जे पास झालं ते. घ्या!

घरीही तेच. मी शिवणकाम करते, त्या शेजारी बसून दोरे कापतात, आणि टाका वाकडा गेला की हात वर. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात रेडिओ नव्हता. कारखान्यात कान किटतात, घरी गाण्याचा आवाज नको, असा नियमच होता. मी माझा रेडिओ माहेरून आणला आणि शिवणयंत्राशेजारी ठेवला. त्यावरून आमची चांगलीच जुंपली. मग त्यांनी तो ऐकायचंच सोडून दिलं. कान बंद करायची विद्या त्यांच्याकडे होतीच.

थोरल्या नणंदेचं नाव मात्र घरात कुणी काढायचं नाही. मला एवढंच कळलं होतं, की तिने नुसतं गुणगुणलं तरी बोलणी बसायची, आणि एक दिवस मायलेकींचं कडाक्याचं भांडण होऊन ती घर सोडून गेली. माझ्या नवऱ्याचे तेव्हा दुधाचे दात पडत होते. खूप शोधलं, सापडली नाही. सासूबाईंच्या हातात जाड चांदीचं एकच कडं असतं. जोडीचं कुठे गेलं म्हटलं, तर हरवलं म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

परवा दुपारी रेडिओवर जुन्या गाजलेल्या गाण्यांचा कार्यक्रम लागला होता. प्रत्येक दशकातलं एक गाणं आणि ते गाणाऱ्याशी गप्पा. एका बाईंचं गाणं झालं. आमच्या लहानपणी गल्लीतलं पोरन् पोर ते म्हणायचं, मी आजही मशीन चालवताना म्हणते. ते एकच गाणं गाजलं आणि बाई दिसेनाशा झाल्या. पुढे का गायला नाहीत, असं निवेदकाने विचारलं.

"माझी आई रेकॉर्डच्या कारखान्यात तपासणीला होती," बाई म्हणाल्या. "मी घर सोडलं, नाव बदलून गायले. वाटलं, आता हे गाणं आईच्या टेबलावर जाणार, ती आवाज ओळखणार, मला घरी बोलावणार. तिने रोज ऐकलं असेल, पण बोलावलं नाही. मग गायचं कुणासाठी?"

सासूबाईंच्या हातातली कात्री खाली पडली. ही आपली थोरली, त्या म्हणाल्या. नुसत्या बोलण्यावरून ओळखलं हो!

 मशीन तसंच चालू राहिलं आणि अख्खी बाही वाकडी शिवली गेली. आणि खोटं कशाला बोलू, मी आधी संतापले. पोटच्या पोरीचा आवाज महिनोन् महिने कानात वाजतो आणि आईला कळत नाही? कुणाला सांगता! मी फोनवर तेच गाणं शोधलं, पहिली ओळ त्यांना ऐकवली.  "हे मी कधी ऐकलंच नाही गं," म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि त्याचाच मला जास्त धसका बसला.

नवऱ्याने रेडिओवाल्यांच्या हातापाया पडून बहिणीचा पत्ता काढला. एकदाच येईन, जाब विचारायला, असा तिचा निरोप आला. सासूबाईंनी हट्ट धरला, गाणं फोनवर नको, तबकडी आणा. तीही एका जुन्या सामानवाल्याकडे मिळाली, प्लेअरसकट.

वन्सं आल्या. केस पिकलेले, पर्स मांडीवर, बसल्या त्याही खुर्चीच्या टोकावर. सासूबाईंनी जे होतं ते सांगितलं. मला कळलं नाही, मी गाणं ऐकतच नव्हते. वन्सं हसल्या, आणि ते हसू बघवत नव्हतं. कोण विश्वास ठेवील? मी तरी कुठे ठेवला होता. आज या उठून गेल्या की परत येणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं.

नवऱ्याने तबकडी लावली. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी त्यांचा हात वर गेला.  वन्सं ताडकन उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

"थांब. ही टक," सासूबाई म्हणाल्या. "ही मला आठवते. पहिल्याच तबकडीत सापडली, मी परत पाठवली. दुसरी आली, तिच्यातही तीच, तीही परत पाठवली. मी भांडले. शेवटी साहेब वर आले, म्हणाले, मूळ टेपमध्येच आहे, जाऊ दे."

वन्सं दारात थांबल्या. त्यांनी बाही मागे सारली. मनगटावर जाड चांदीचं कडं होतं, त्यांना जरा सैलच. सासूबाईंच्या जोडीचं.

"रेकॉर्डिंगला हे काढ, वाजेल, म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मी नाही काढलं." आणि त्यांनी ते चौकटीवर आपटलं. टक. अगदी तीच.

मी तोंडावर हात धरून उभी. नवरा भिंतीला टेकला. सासूबाई आपल्या हातातल्या कड्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तू मला ऐकलंस," वन्सं म्हणाल्या.

"ऐकलं. आणि दोनदा परत पाठवलं."

 मग वन्सं आत आल्या, खुर्ची ओढून आईजवळ बसल्या. सासूबाई मला म्हणाल्या, परत लाव, पहिल्यापासून. मी सुई ठेवली. टक वाजली तेव्हा त्यांचा हात सवयीने वर जायला लागला, पण वन्संनी तो आधीच घट्ट धरून ठेवला होता.