मूस केवढा असतो

मी घर सोडलं त्या सकाळी आप्पांनी माझी बॅग शेळ्या तोलायच्या काट्याला टांगली. विमानात तेवीस किलोच चालणार होते आणि पाटणजवळच्या आमच्या गावात दुसरा भरवशाचा काटा नव्हता. आप्पा जनावरांचे सरकारी डॉक्टर. दवाखान्याच्या अंगणात चिंचेच्या फांदीला काटा, काट्याला बॅग, ती सावकाश गिरक्या घेतेय आणि शेळ्या घेऊन आलेल्या दोन बायका नंबराची वाट बघत उभ्या. आईने मेतकुटाची पुडी काढली, मी गोधडी काढली. काटा स्थिरावल्यावर आप्पा म्हणाले, "तिकडं नवं जनावर दिसलं तर कळव. नीट कळव."

बाकीच्या मुलींचे वडील जपून राहा म्हणाले असतील. मला काम मिळालं होतं, आणि काम मिळालं की मी ठीक असते.

स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत होते तेव्हा चौघी मुली एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. बाकीच्या घरी फोन करून रडायच्या, मी आप्पांना पत्रात खार कळवायची: रंग करडा, पाठीवर पट्टे नाहीत, शेपूट अंगाएवढी. मग कॅम्पसमधली हरणं, मग घाण वास सोडणारा, काळा-पांढरा स्कंक. पुढे नोकरी, लग्न, टेक्सासात फ्रिस्कोला घर, मुलगी इरा. पत्रांचे ईमेल झाले, ईमेलचे व्हिडिओ कॉल. सबर्बमध्ये कळवण्याजोगी जनावरं कमीच. लोकांची कुत्री तेवढी बरीच झाली.

मग आप्पांना काचबिंदू निघाला. लस टोचायची आठवण करून द्यावी तितक्याच साध्या आवाजात ते एकदा म्हणाले, "डोळे आहेत तोवर येऊन जा. तुला बघून घेतो एकदा."

तुमच्यातले जे इथे व्हिसावर राहतात त्यांना पुढचं सांगायला नको. जे तिकडे आहेत त्यांच्यासाठी सांगते. इथून बाहेर पडलं की परत येण्यासाठी पासपोर्टवर नवा शिक्का लागतो आणि त्याची तारीख मिळेल तेव्हा मिळते. आमच्या ऑफिसातला एकजण तारखेची वाट बघत पुण्यातच अडकला आणि नोकरी गमावून बसला. वकील म्हणाला, आत्ता ट्रॅव्हल करू नका. दोनदा तिकीट काढलं, दोनदा कॅन्सल केलं. तेवढ्या काळात स्क्रीनवरचे आप्पा आधी माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघायला लागले, मग फोनच्या वर. गेल्या हिवाळ्यात आई म्हणाली, आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं त्यांना.

या जुलैत आम्ही कोलोरॅडोला ड्राइव्ह करून गेलो. दुसऱ्या दिवशी, सकाळीच, रस्त्याकडेच्या पाणथळीत नर मूस उभा होता, हरणांच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर. मी दार उघडायला गेले तर इरा म्हणाली, "मॉम, डोन्ट. गाडीतच थांब." तिचं बरोबर होतं. बाजूच्या फलकावरही तेच लिहिलं होतं. मी गाडीतूनच बघितला. फोटो एकही काढला नाही, त्याचा काय उपयोग होता? फक्त बघत राहिले आणि तोंडपाठ केला.

रविवारी मोटेलच्या पायरीवर बसून फोन लावला. तिथे संध्याकाळ होती. आईने फोन स्पीकरवर टाकून आप्पांपुढे धरला. मी शिंगांपासून सुरुवात केली, कुणीही केली असती. आप्पांनी थांबवलं.

"शिंगं शेवटी. सगळे शिंगांना भुलतात. जमिनीकडून वर ये."

म्हणून खुरांपासून सांगितलं. दुभंगलेले, बैलासारखेच, पण लांबट. चिखलात फाकतात, त्यामुळे रुतत नाहीत. पाय खाली राखाडी, वरचं अंग काळपट तपकिरी. पाय इतके उंच की पोटाखालून लहान वासरू न वाकता निघून जाईल. खांद्यापाशी उंची आपल्या दाराच्या चौकटीला चार बोटं कमी.

"आपल्या खोड्यात मावेल?" जनावर टोचताना हलू नये म्हणून दवाखान्यासमोर लोखंडी पाइपांचा खोडा असायचा, तो.

"उभा राहील, पण आडवा पाइप त्याच्या पोटाला लागेल."

"मग लाथ मारेल," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी जीव आला होता.

वजन खिलार बैलाएवढं, साडेचारशे किलोच्या आसपास, पण काठ्यांवर उचलून ठेवल्यासारखं. मान आखूड, त्यामुळे जमिनीवरचं गवत खायचं तर पुढचे पाय फाकवतो नाहीतर गुडघे टेकतो. म्हणून झाडपाला आणि पाण्यातल्या वनस्पती जास्त. खांद्यावर उंचवटा आहे म्हटल्यावर आप्पा हरखले. तिकडच्या गाईला वशिंड नाही आणि या रानट्याला आहे, हे आईला त्यांनी दोनदा ऐकवलं. गळ्याखाली लोंबत्या कातड्याची पोळी आहे का, तर आहे, पण बैलासारखी पसरलेली नाही, एकच केसाळ लोंबता गोळा. वरचा ओठ उंटासारखा पुढे आलेला. वरचे पुढचे दात नाहीत हे मी वाचून ठेवलं होतं, कारण ते विचारणार हे माहीत होतं. शेपूट वितीहूनही आखूड, गोंडा नाही. कान दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरतात. नजर कमी, पण कान आणि नाक तीक्ष्ण.

"मग आमचं जमेल," आप्पा म्हणाले. आई हसली नाही.

शेवटी शिंगं. पंजा पसरावा तशी रुंद, कडेला बोटं फुटलेली, सध्या वाढती म्हणून वर मखमली कातडं. हिवाळ्यात गळून पडतात, वसंतात पुन्हा येतात. सांबराचंही तसंच, आप्पा म्हणाले. आईने हळू आवाजात मला सांगितलं, हात वर करून बसलेत बघ, हवेत त्याच्या खांद्यावर ठेवल्यासारखा.

"दिसला," आप्पा म्हणाले. "केवढा आहे गं."

मला वाटलं, काम जमतंय तर ते पुढे न्यावं. म्हटलं, "आप्पा, आता मी कशी दिसते तेही सांगू? चष्मा लागलाय, केस पुढून पांढरे..."

"नको, वैशू."

पलीकडे खुर्ची वाजली. हात खाली आला असावा.

"मूस मी कधी बघितला नव्हता, म्हणून सांगून घेतला. तुला बघितलंय. त्यावर आता नवं काही सांगू नकोस, आहे तेवढं पुसलं जाईल."

मग आईने कुकर लावायचा आहे असं काहीतरी सांगून फोन ठेवला.

तारीख मिळेल तेव्हा मी जाईनच. आप्पा चेहऱ्यावरून हात फिरवतील, आणि जनावरांच्या डॉक्टरच्या हातांना समोरच्याचं वय किती झालं ते सांगावं लागत नाही. तोवर आप्पांच्या आठवणीतल्या त्या घरात मी आहे ती इरा पहिलीत असताना गेले होते तेव्हाची, काळ्या केसांची, ओट्याशी उभी. तिला तिथे चहा मिळतो, तिच्या आवडीची भाजी झाली की तिची आठवण निघते. मला आता घर म्हणजे तीच. इथे फ्रिस्कोत जी राहते, तिला आप्पांनी कधी बघितलेलं नाही.