जनरल (निवृत्त)

दादाचे किस्से लक्षात ठेवायची गरजच पडत नाही. एक सांगून होईस्तोवर दुसरा घडलेला असतो! दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. फौजेतून मेजर जनरल म्हणून निवृत्त झाला आणि शहरात सुखानं राहायचं सोडून साखऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावर येऊन बसला. मी शाळामास्तर. हुकूम ऐकायला घरात मीच सापडतो.

आधीचं दुखणं हुद्द्यांचं. दादा लेफ्टनंट झाला तेव्हा अख्ख्या तांड्याला जेवण दिलं. मग कॅप्टन, मग मेजर. सगळे खूश. पुढे त्यानं कळवलं, लेफ्टनंट कर्नल झालो. तांड्याचे नाईक काळजीनं म्हणाले, "परत लेफ्टनंट? काई भानगड केली का पोरानं?" मी शाळेच्या फळ्यावर सगळे हुद्दे लिहून दाखवले. घसा बसला. काही वर्षांनी तो मेजर जनरल झाला, तर नाईक माझं सांत्वन करायला घरी हजर!

"जाऊ द्या मास्तर, मेजर तर ठेवलं ना."

निवृत्तीनंतर सोयाबीनची मळणी आली. दादाचा हुकूम, सकाळी सहाला सुरू. मी पावणेसहाला शेतात उभा, आणि मळणीयंत्रवाला आला दहाला. दादानं त्याच्यापुढे घड्याळ धरलं. त्यानं ढिगातली एक शेंग उचलून दादाच्या हातावर ठेवली. "दवानं ओल्या होत्या साहेब. यांना बी सांगा, सहाला वाळत जा म्हणून."

एकदा वारंगा फाट्यावर जीपमध्ये बसलो. किती वाजता निघणार, असं दादानं विचारलं. जीपवाला म्हणाला, "अजून चार माणसांनी."

पण दादाला खरं लागलं ते याडीचं. याडी म्हणजे आमची आई. आम्हाला रोजच्या ताटल्या आणि दादाला पाहुण्यांसाठी ठेवलेलं मोठं ताट. पंधरा दिवस त्यानं सहन केलं. मग म्हणाला, मी आता इथलाच आहे, मला पण ताटलीत वाढ. ती म्हणाली, "व्हय बाबा. पण सुट्टी संपते कवा?" दादा त्या दिवशी अर्धवट जेवून उठला. मलाही वाईट वाटलं. कबूल करतो.

आणि आता हे ताजं. माझ्या अंजूच्या ॲडमिशनला जातीचा दाखला हवा होता आणि दुसऱ्याच दिवशी शेवटची तारीख. आमचा तांडा विमुक्त जातीत, म्हणजे व्हीजेत. मी अर्ज भरायला बसलो तर दादानं कागद ओढून घेतला. तुला नीट भरता येत नाही म्हणे! नातेवाइकांच्या रकान्यात 'मेजर' मावेना, म्हणून ते गाळून त्यानं छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'काका : जनरल (निवृत्त).'

कचेरीत कारकुनानं ते दोनदा वाचलं. बाप व्हीजे आणि सख्खा काका जनरल, हे कसं काय, असं त्यानं मलाच विचारलं. दादा हुद्द्यांची उतरंड पहिल्यापासून समजावू लागला. मागे रांग वाढत होती. मी कपाळाला हात लावला. अंजू रडकुंडीला आली.

कारकून म्हणाला, "ते राहू द्या साहेब. जनरलमधून निवृत्त होता येते व्हय?"

ओळख पटवायला आम्ही याडीला नेलं होतं. ती बाकावरून उठली, टेबलापाशी आली आणि तिनं दादाचं मनगट धरलं.

"व्हय ना साहेब. झाला निवृत्त. आता परत आमच्यातच आला."