मंदाला दिलेलं गोकर्णीचं बी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. घरच्यांनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण बिरण काही नाही, सांगतेय झालं.

बोरगाव मेघेत आमच्या फाटकावर पांढऱ्या गोकर्णीची वेल आहे, दुहेरी पाकळ्यांची. बियांपासून मीच वाढवलेली — रात्रभर बी भिजवायचं, फुगलं तेवढंच मातीत टोचायचं, कोंब वर आला की सुतळी बांधून द्यायची. श्रावणात महादेवाला वाहायला गल्लीतल्या बाया माझ्याचकडे फुलं मागायच्या. त्याची मला किती चटक लागली होती, हे मंदा शेजारी राहायला येईपर्यंत मला तरी कुठं ठाऊक होतं?

मंदा आंजी गावची, शेतकऱ्याची लेक. घरात नवरा आणि सासू. आल्याआल्याच म्हणाली, "काकू, मले थोडं बी देजा ना. दोघींच्याई फाटकावर वेल राहीन, मस्त दिसन." मी हसून हो म्हटलं. आणि घरात जाऊन — कसं लिहू — ते बी तव्यावर भाजलं. मंद आचेवर, रंग बदलू नये म्हणून. मग कागदाच्या पुडीत बांधून तिला दिलं.

ती रोज पाणी घालायची. कुंडीत नुसती माती. भिंतीपलीकडून सासूचं चालायचं, "वावरात वाढली म्हणे, अन् साधा वेल लावता येत नाई." मी इकडे भांडी घासत ऐकायची.

मग मंदा पुन्हा आली. "माहंच काई चुकलं असन काकू. अजून थोडं देता का?"

तेव्हा तरी? तेव्हा हेवा उरला नव्हता हो, तिची कीवच येत होती. पण चांगलं बी दिलं असतं तर ते उगवलं असतं — आणि पहिलं का उगवलं नाही, हे तिनं ओळखलं असतं. तेवढं तिला कळतं. म्हणून मी पुन्हा तवा ठेवला. पहिल्या वेळी जळत होते, दुसऱ्या वेळी नुसती घाबरले होते. दुसरं जास्त वाईट.

त्यानंतर तिनं मातीत हात घातला नाही. "माह्या हातालेच गुण नाई," असं सगळ्यांना स्वतःच सांगते, हसत हसत.

आता तिच्या फाटकावर प्लॅस्टिकची वेल आहे. दिवाळीच्या आधी ती काढून साबणाच्या पाण्यानं धुते, परत बांधते आणि मला हाक मारते, "काकू, खऱ्यावानी दिसते ना?"

मी हो म्हणते.