श्रीपाल मगदुमांची आखूड माळ

उचगावच्या वाटेवर खत-बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या श्रीपाल मगदुमांना दुरुस्तीचं भारी वेड. दुरुस्ती येत नव्हती, ही बाब वेगळी. घरात दिवाळीची एक माळ होती, मुलगी आदिती शाळेत असताना घेतलेली. तेव्हा ती गच्चीपासून फाटकापर्यंत ऐसपैस पोचायची. पण दर दिवाळीला तिच्यातले काही दिवे जायचे आणि श्रीपालराव पक्कड घेऊन बसायचे. गेलेला दिवा कापायचा, वायरीची टोकं दातांनी सोलायची, पिळून जोडायची, वर काळी चिकटपट्टी. माळ पेटायची. फक्त दर वर्षी थोडी आखूड व्हायची. गच्चीवरून ती गॅलरीत आली, गॅलरीतून दारावर, आणि आता तर दाराची एकच बाजू उजळायची. दुसरी बाजू बघणाऱ्यानं मनानं उजळून घ्यायची.

त्यांच्या बायकोनं, पद्मावतीनं, यावर बरीच वर्षं तोंड उघडलं नव्हतं. यंदा मात्र भाऊबीज झाल्यावर आदितीला बघायला हुपरीहून पाहुणे यायचे होते. तिनं गुपचूप नवी माळ आणली आणि नवरा दुकानात असताना लावूनही टाकली.

"जुनीला काय झालतं?" घरी आल्या आल्या श्रीपालरावांनी विचारलं.

"काय न्हाय. दमलीया ती," पद्मावती म्हणाली.

पाहुणे आले. मुलाची आई आदितीला एका लग्नात आधीच बघून गेली होती, त्यामुळे मुलगा आदर्श आणि त्याचे वडील जिनेंद्र चौगुले एवढेच होते. दिवस मावळायच्या आत पोहे, लाडू, चहा सगळं उरकलं. आता आदर्श आणि आदितीला गच्चीवरची फुलझाडं बघायला पाठवायचं, असं पद्मावतीनं योजलं होतं. ती तसं म्हणणार, तोच बाहेरची नवी माळ विझली.

माळ विझली आणि श्रीपालरावांचा चेहरा उजळला. पोरीच्या पदवीलाही तो इतका उजळला नव्हता.

"नवी म्हणं, नवी," असं पुटपुटत ते पक्कड घेऊन उठले.

"थांबा, पावणं," जिनेंद्रराव म्हणाले. "कापायची घाई करू नका. आमच्या घरातली असली समदी कामं मीच करतोय."

पद्मावतीनं आधी जिनेंद्ररावांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. एका घरातून सोडवून पोरीला नेमकं त्याच रोगाच्या घरात ढकलायचं होतं तर.

माळ खाली उतरली. दोघे व्याही, अजून न झालेले, ओसरीत मांडी घालून बसले. तुम्ही कापा, न्हाय तुम्हीच कापा, असा आदरसत्कार बराच वेळ चालला. मग तंटा नको म्हणून एकानं एका टोकाकडून सुरुवात केली, दुसऱ्यानं दुसऱ्या. दोघं मध्ये भेटेपर्यंत एका माळेच्या तीन झाल्या होत्या. जिनेंद्ररावांनी काहीबाही पिळून जोडलं, श्रीपालरावांनी पिन खोचली. फट् झालं आणि अख्खं घर अंधारात गेलं.

"सापडला बघा दोष," जिनेंद्रराव अंधारातून समाधानानं म्हणाले.

"मेन स्विच कुठं हाय?" आदर्शनं विचारलं. आल्यापासून त्यानं उच्चारलेलं हे पहिलंच पूर्ण वाक्य.

"जिन्याखाली. दाखवते," म्हणत आदिती मोबाईलचा उजेड धरून पुढं झाली.

लाईट लगेच आली. ती दोघं काही लगेच आली नाहीत. ओसरीतल्या तज्ज्ञांना लाईट गेल्याचं सुतक नव्हतं, तसं आल्याचं सोयरही नव्हतं. ते वायर सोलत होते.

शेवटी आदिती स्वयंपाकघरात आली. पद्मावती तिथं उगाचच धुतलेली भांडी पुन्हा पुसत होती.

"काय म्हणतोय पोरगा?"

"मी विचारलं, तुम्हाला माळ दुरुस्त करता येती का."

"मग?"

"म्हणाला, न्हाय. त्यांच्या घरी माळ बिघडली की तो रात्रीतनं टाकून देतोय आणि तसलीच नवी लावतोय. वडलांना वाटतं, आपणच दुरुस्त केली."

पद्मावतीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत आपल्याला हे का सुचलं नाही, याचं तिला मनापासून वाईट वाटलं.

"मग काय सांगू त्यांना?"

"व्हय म्हणून सांग की," आदिती म्हणाली.

पद्मावती ओसरीत निरोप सांगायला गेली. दोघांनी मान वर न करता बरं म्हटलं आणि तिच्याकडं चिकटपट्टी मागितली.