वस्तऱ्याखालचा होकार

समजा, तुमच्या उजव्या हातात वस्तरा आहे. डाव्या हाताने गिऱ्हाइकाची कातडी ताणून धरलीये, आणि हनुवटीखालच्या अवघड वळणावरून पातं नेता नेता गांजाचा कायदा का बदलायला हवा, हे त्याला पटवायचंय. हात थरथरता कामा नये आणि जीभही थांबता कामा नये.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला हे लीलया जमायचं. सगळी गल्ली त्याला मामा म्हणते. त्याची ताई नर्स होती. तरुणपणी तिच्या पर्समध्ये चिमूटभर गांजा सापडला, शिक्षा झाली, नर्सिंगचा परवाना गेला तो गेलाच. आता ती सलूनचे टॉवेल धुते. थोडा गांजा बाळगणं गुन्हा ठरू नये, असं विधेयक येतंय म्हटल्यावर मामा मोहिमेत उतरला. दाढी करता करता त्याने सगळी गल्ली वळवली. आमदारसुद्धा त्याचंच गिऱ्हाईक, तेव्हा तेही आपलेच, असं तो छातीठोकपणे सांगायचा. एका सभेत तर त्याने उठून त्यांचा पाठिंबाच जाहीर केला.

आमदारांनी माइक ओढून घेतला. "मामा, गळ्यावर वस्तरा होता हो. नाही कसं म्हणणार?"

सभा हसून लोटपोट. घरी ताईने उरलीसुरली कसर भरून काढली. तुझ्या दुकानात आजवर कुणी नाही म्हणालंय का रे, असं तिने विचारलं.

पण खचेल तो मामा कसला. दुसऱ्या दिवसापासून चर्चा दाढी झाल्यावर, अंगावरचं कापड काढल्यावर. आता लोक भांडू लागले. किराणावाला म्हणाला, पोरं बिघडतील. मामाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग वयाच्या अटीचं कलम समजावलं. काही जण रागावून गेले. केस वाढल्यावर परत आले, तेही वाद घालायलाच. मामा खूश होता.

एकदा आमदार दाढी झाल्यावरही खुर्चीत बसून राहिले आणि त्यांनी ताईला बोलवायला सांगितलं. आवाज न चढवता तिने सगळं सांगितलं.

"मी बाजूने मत देईन," ते म्हणाले.

मामाने लगेच विचारलं, जुन्या शिक्षा पुसल्या जाणार का? तसं कलम विधेयकात नाही, बघावं लागेल, एवढंच ते बोलले.

तेव्हापासून मामा प्रत्येकाला एकच विचारतो: उद्या जो गुन्हाच राहणार नाही, त्याची शिक्षा ताईने अजून किती वर्षं भोगायची?