झटकायला काहीच नसलेला किनारा

आईला समुद्र दाखवायचा, हे सगळ्यांना सांगायचं कारण होतं. खरं कारण तिचा खोकला. बाबा गेल्यापासून कोराडीच्या घरात ती एकटी राहते, आणि तिथल्या औष्णिक वीज केंद्राची राख रोज तिच्या ओट्यावर हजेरी लावते. डॉक्टर हवापालट करा सांगून थकले. नागपुरात जरीपटक्याला माझ्याकडे ये म्हटलं, की तिचं उत्तर ठरलेलं, "लेकीच्या घरी पाहुणी बनून बसू काय?" म्हणून मी डाव टाकला. काही दिवस स्वच्छ हवेत ठेवायचं, खोकला थांबला की तिथेच होकार काढून घ्यायचा.

विमानाने गोवा, तिथून टॅक्सीने सिंधुदुर्गातलं एक जंगल, आणि पुढे सामान उचलून किनाऱ्यापर्यंत उतरण. रिसॉर्ट निसर्गाशी एकरूप झालेलं होतं, म्हणजे पंखा नव्हता. नागपूरच्या उन्हाळ्याच्या आमच्या सगळ्या बढाया त्या दमट हवेत पोचताक्षणी विरघळल्या. डासांचं नाव तिथे 'स्थानिक जैवविविधता' होतं.

खोली दाखवायला शेवंती आली, गावातलीच बाई. संडासात पाणी नाही, डबाभर भुसा टाकायचा, असं तिने समजावलं.

"इमानानं एवढ्या दूर आलो, ते भुसा टाकायले?" आई म्हणाली. शेवंती हसून हसून भिंतीला टेकली.

आई व्हरांड्यातल्या बाकावर बसायला गेली आणि सवयीने आधी पदराने बाक पुसला. कोराडीत पुसल्याशिवाय कोणी बसत नाही. तिने पदर पाहिला. मग कठड्यावरून बोट फिरवून बोट पाहिलं.

"हे कोन पुसून राहिलं वं रोज?"

"कोणीच नाही, आई. इथे राख नाही."

तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन तिने पुन्हा बोट फिरवलं.

जेवायला भात आणि कुळथाची पिठी (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण) होती. आईने पिशवीतून ठेच्याची बाटली काढली. शेवंतीने चाखून पाहिला, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागायला आली.

संध्याकाळी किनाऱ्यावर आई लाटा पाहत उभी होती.

"सारखं येते अन् जाते. एका जागी बसत काहून नाही हे?"

"तुझ्यासारखंच आहे," मी म्हटलं.

दोन दिवसांत खोकला थांबला. मला इतका आनंद झाला की मी डासांनाही माफ केलं. आई मात्र चिडचिडी होत गेली. शेवटी तिने शेवंतीच्या हातातला झाडू ओढला.

"आजये, तू बस गो. ह्या आमचा काम," म्हणत शेवंतीने तो परत घेतला.

आई तोंड फुगवून बाकावर बसली. मला वाटलं, हीच वेळ. "खोकला गेला ना? आता माझ्याकडेच राहा."

"खोकला थांबला, पन माहे हातबी थांबले ना. इथं झटकायले काहीच नाही. तुह्या घरीबी असंच बसून राहू? मले कोराडीले सोडून दे."

मला रागही आला आणि रडूही. पुन्हा ती राख, पुन्हा तो खोकला, आणि मी फोनवरून नुसता ऐकायचा.

परतल्यावर तिला कोराडीला सोडण्याआधी चहापुरतं माझ्या घरी थांबलो. आमच्या गल्लीतला रस्ता खोदून ठेवलाय, आणि मी निघताना खिडकी लावायला विसरले होते. आई सोफ्यावर बसायला गेली, पदराने पुसलं, पदर पाहिला. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला.

"अवं बाई! घर हाय का उकिरडा? कोन पुसते इथं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

शुद्ध हवेला जे जमलं नाही, ते माझ्या आळसाने केलं. एरवी घराची एवढी बेइज्जती मी कुणाकडूनही ऐकून घेतली नसती. मी धावत जाऊन फडकं आणलं. नाकाला पदर बांध, एवढी एकच अट घातली.

तिने बांधला, आणि पदराआडून म्हणाली, "कोराडीचं मंग पाहू. माही बॅग आतमंदी ठेव."