चनमल्लप्पाचं कांदळवन

चनमल्लप्पाने एकवीस वर्षांत जिल्ह्यातल्या साठेक प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते लिहिलं, आणि त्यासाठी खुर्चीवरून उठायची पाळी त्याच्यावर जेवणापुरतीच आली. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सल्लागाराच्या कचेरीत तो अहवाल तयार करी. म्हणजे जुना अहवाल उघडायचा, गावाचं नाव बदलायचं, गट नंबर बदलायचा. चिमण्या, कावळे, साळुंक्या सगळ्या गावांत सारख्याच असतात, हे त्याचं निरीक्षण होतं. ते त्याने कचेरीच्या खिडकीतून केलं होतं.

त्याची दुसरी हातोटी वाचनाची. जनसुनावणीत गावकऱ्यांना अहवालाचा सारांश मराठीतून वाचून दाखवावा लागतो. चनमल्लप्पा तो अशा एकसुरी आवाजात वाची की तिसऱ्या पानाला अख्खा मांडव पेंगू लागे. मालक त्याला त्यासाठीच नेत.

एका सकाळी थोरल्या बहिणीचा, गौरम्माचा फोन आला. कुंभारीच्या पुढे तिचं शेत.

"चन्ना, वरच्या माळावर औषदाचा कारखाना येतुय म्हनं. त्येचं घान पानी आपल्या वड्यात उतरलं तर माझ्या हिरीचं काय?"

"बघतो की अक्का."

त्याने बघितलं. अहवाल त्याचाच, दोन महिन्यांपूर्वीचा. गावाचं नाव बदलताना हा आपल्याच शेजारचा माळ, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. 'पाच किलोमीटरच्या आत ओढा, नाला, विहीर नाही.' त्या ओढ्यात तो पोहायला शिकला होता. अक्काच्या दोन म्हशी आणि सगळा भाजीपाला त्या एका विहिरीवर होता. त्याला स्वतःची लाज वाटली. खाली पुढचं वाक्य होतं: 'किनाऱ्यालगतच्या कांदळवनाला धक्का लागणार नाही.' मूळ अहवाल कोकणातला होता.

तो मालकाकडे गेला. "साहेब, तिथं ओढा आहे."

"आधी कसा दिसला नाही?"

"आपण गेलोच नव्हतो."

"मग आता कशाला जायचं? सह्या झाल्यात."

कांदळवनाचं वाक्य चनमल्लप्पाने तसंच राहू दिलं.

सुनावणीच्या दिवशी ओढ्याचं वाक्य येताच गौरम्मा उठली. "वडा हाय की हो साहेब. रोज बगतो आमी."

"बाई, हरकती शेवटी. नोंद घेऊ," अधिकारी म्हणाले. ती बसली. नोंदीचं पुढे काय होतं ते चनमल्लप्पाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने चष्मा पुसला आणि पुढचं वाक्य खणखणीत आवाजात दोनदा वाचलं. पेंगणारे जागे झाले.

"कांदळवन म्हंजी काय?" सरपंच धोंडीरामांनी विचारलं.

"समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं."

"मग समुद्र कुटल्या गटात हाय?"

मांडव हसला. दोन वार्ताहरांनी ते लिहून घेतलं. असलेला ओढा नाही म्हटल्याचं अधिकाऱ्यांना काही वाटलं नव्हतं, पण नसलेला समुद्र त्यांच्या अंगाशी येणार होता. अहवाल परत गेला, आणि मालकाने त्याच दिवशी चनमल्लप्पाला घरी बसवलं.

चार महिन्यांनी दुसऱ्या सल्लागाराचा नवा अहवाल ग्रामपंचायतीत आला. भाऊबहीण बाकावर बसून पानं उलटू लागले. कांदळवन गेलं होतं. चिमण्या, कावळे, साळुंक्या त्याने लावलेल्या क्रमानेच बसल्या होत्या. आणि त्यांच्याखाली त्याचंच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे न होता: ओढा, नाला, विहीर नाही.

"ह्यात आता हसन्याजोगं काय न्हाय की रं," गौरम्मा म्हणाली.

"न्हाय अक्का."

"मग सुनावनीत तू कुटं बसनार?"

"तुझ्याजवळ."

पंचायतीच्या शिपायाकडून त्याने मोजायची टेप मागून घेतली, आणि बाकावरून उठून अक्काच्या मागोमाग ओढ्याकडे निघाला.